मोटार अडून बसते तेव्हा

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यात विरारला जो पाऊस झाला तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरारमधली लोकल थांबली आणि आम्ही मनवेलपाड्यातली मंडळी अंधारात जिन्यावर बसून पाणी किती पायऱ्या चढले ते मोजत होतो. आमची मोटार इमारतीच्या आवारातच उभी होती. पाणी ओसरले तेव्हा तिच्या पुढच्या दिव्यांच्या निम्म्या उंचीवर गाळाची एक सरळ रेघ उमटलेली दिसली.

त्या दिवशी आईच्या डायलिसिसची पाळी होती. लोकल बंद, रिक्षा दिसेना. तळमजल्यावर राहणारे मिस्त्री स्वतःच्या घरातला चिखल उपसता उपसता मला म्हणाले, “सर, किल्ली फिरवू नका बरं का. दुपारी येऊन बघतो मी.” मी ‘हो’ म्हटले, आणि ते आत वळताच किल्ली फिरवली. घाबरलेला माणूस दुसरे काय करणार? इंजिनातून एकदाच ‘ठक्’ असा आवाज आला आणि मग सारे शांत. त्या एका ‘ठक्’ची किंमत माझ्या तीन पगारांहून थोडी अधिक झाली. आईला शेवटी मिस्त्रींनीच ओळखीच्या टेंपोतून दवाखान्यात पोहोचवले. वाटेत ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

मी मराठी घेऊन एम. ए. झालेला मनुष्य. यंत्राशी माझा संबंध त्या बिलापासून सुरू झाला. तेव्हा आज जे सांगणार आहे ते कारागिराचे ज्ञान नव्हे. रस्त्याच्या कडेला उभे राहण्याची वेळ आलेल्या मोटारवाल्याला जेवढे कळले पाहिजे तेवढेच आहे.

त्या दिवशी झाले काय, ते आधी सांगतो. इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर जाताना सिलिंडरमधली हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. हवा आत ओढणारी नळी बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीच्या मागे असते. पाणी तिथवर चढले की ते एअर फिल्टरच्या डब्यात साचते, आणि किल्ली फिरवताच इंजिन ते हवेबरोबर ओढून घेते. दट्ट्या वर येतो, पाणी जागा देत नाही, आणि त्याला जोडलेला पोलादी दांडा वाकतो. मी किल्ली फिरवली नसती तर मिस्त्रींनी बॅटरीची वायर काढली असती, फिल्टर उघडून पाहिला असता, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधले पाणी बाहेर टाकले असते आणि ऑईल बदलले असते. दोन दिवसांचे काम. ऑईलची पट्टी काढून पाहिल्यावर तिच्यावर दुधाळ कॉफीसारखे काही दिसले, तर पाणी ऑईलपर्यंत पोहोचले असे समजावे.

विम्याचेही सांगून ठेवतो. साध्या पॉलिसीत पुराने झालेले नुकसान धरलेले असते; पण पाण्यात बुडालेले इंजिन चालू करायला गेल्यामुळे जे मोडते ते बहुधा धरलेले नसते. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. मी ती घेतलेली नव्हती. विरार-नालासोपाऱ्याच्या सखल भागात राहणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी आपली पॉलिसी कपाटातून काढून एवढी एक ओळ अवश्य पाहावी.

असो. पाण्याचा प्रश्न आमच्याकडे वर्षातून चार दिवसांचा. दिव्यांचा प्रश्न मात्र बारमाही.

स्टिअरिंगच्या मागे जी पाटी असते तिच्यावर हल्ली वीस-पंचवीस चित्रे असतात. ती जवळजवळ सगळ्या कंपन्यांची सारखीच, कारण त्या चिन्हांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले आहे. रंगांचा अर्थ सोपा आहे. हिरवा आणि निळा नुसती माहिती देतात. पिवळा म्हणतो, लवकर दाखवून घ्या. लाल म्हणतो, थांबा. एवढे कळून बहुतेकांचे भागावे, पण भागत नाही; कारण लाल दिवा लागला तरी गाडी चालत असते. चालत्या गाडीला कोणी आजारी म्हणत नाही.

पूर्वी हे दिवे नव्हते म्हटले तरी चालेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून किती वर्षे धावल्या! त्यांतली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये, वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे, रस्त्यावरून गेली. त्या गाडीचा चालक कानाने आणि नाकाने निदान करी. पट्टा कुरकुरतो, क्लच प्लेट जळते, पाणी उकळते, हे त्याला दिव्याआधी कळे. आणखी मागे जायचे तर ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ या बाईंनी नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, मानहाइमहून फोर्टझहाइमपर्यंत मोटार नेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. आजच्या गाडीत अशी पिन घालायला जागा उरलेली नाही, म्हणून तर दिवे वाचता आले पाहिजेत.

सर्वांत घातक दिवा म्हणजे तेलाच्या झारीचे लाल चित्र. तोटीतून एक थेंब पडताना दाखवलेला असतो. पुष्कळांना वाटते, याचा अर्थ ऑईल थोडे कमी झाले आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला भरू. तसे नाही. हा दिवा ऑईलच्या पातळीचा नसून दाबाचा आहे. पंप ज्या दाबाने ऑईल बेअरिंगांपर्यंत ढकलतो तो दाब गेला, असे तो सांगतो. मग धातूवर धातू कोरडा घासू लागतो, आणि इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. माझा एक जुना विद्यार्थी हा दिवा लागलेला असताना मनोरहून शिरसाडपर्यंत येण्याच्या बेतात होता. “सर, गाडी मस्त पळत होती,” असे तो नंतर मला सांगत होता. शिरसाड आलेच नाही. इंजिन आधीच थांबले, आणि पुन्हा सुरू झाले ते नवे बसवल्यावर. म्हणून हा दिवा दिसला की गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून पट्टी पाहा. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली असेल तर भरा. पातळी बरोबर असून दिवा जात नसेल, तर पुन्हा सेल्फ मारू नका. टोचन करून न्या.

दुसरा लाल दिवा तापमापकाचा. याचा अनुभव आम्हा वसई-विरारकरांना घोडबंदरकडे जाताना येतो. वरसावे पुलाच्या अलीकडे वाहनांची रांग लागते, एसी चालू असतो, गाडी तासभर पावलापावलाने सरकत असते. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो. उभ्या गाडीला रेडिएटरच्या पंख्यावाचून आधार नाही. पंख्याचा फ्यूज उडालेला असला, किंवा कूलंट कमी झालेले असले, तर ते अशाच वेळी उघडकीस येते. पुष्कळ नव्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल, एवढेच. तेव्हा लाल दिसला की एसी बंद करा. रांगेतून लगेच बाहेर पडता येत नसेल तर हीटर पूर्ण गरम करून त्याचा पंखा जोरात सोडा. मे महिन्यात हे ऐकायला चमत्कारिक वाटेल. पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो तुमच्या अंगावर घेतो. मग बाजूला होऊन इंजिन बंद करा आणि स्वस्थ बसा. रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण सैल होताच ते एकदम उकळून तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबून, वरची रबरी नळी हाताला सोसेल इतकी निवल्यावर, झाकणावर फडके टाकून सावकाश उघडावे.

बॅटरीच्या चित्राचा दिवा नावाने फसवा आहे. तो बॅटरी खराब झाली असे सांगत नाही. बॅटरी भरली जात नाही असे सांगतो. दोष बहुधा अल्टर्नेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा. गाडी काही काळ बॅटरीवर चालेल. एसी, रेडिओ बंद ठेवून जवळचे गॅरेज गाठावे. (रेडिओ बंद करा असे आकाशवाणीवरून सांगणे जरा अवघड आहे, पण नाइलाज.) मात्र तापमानही चढू लागले तर पट्टा तुटला असे समजावे, कारण काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो. मग थांबलेच पाहिजे.

सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टिक्-टिक्’ होते, ही तक्रार आमच्या आवारात सर्वांत जास्त. त्याचे कारण आमच्या राहणीत आहे. मनवेलपाड्याहून स्टेशन, स्टेशनहून बाजार, एवढीच गाडीची दौड. बाकी आठवडा ती उभी. सेल्फने घेतलेली वीज भरून निघण्याइतकीसुद्धा ती चालत नाही. शिवाय खारट हवा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी पूड धरते. आधी ती टोके पाहा. वायर काढून, सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून घट्ट बसवली की निम्म्या गाड्या सुरू होतात. दुसऱ्याच्या बॅटरीवरून सुरू करायची असेल तर तांबडी वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या अधिक टोकांना लावा. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचे दुसरे टोक तुमच्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते. ती तिथे पडू नये म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

ब्रेकचा लाल दिवा लागला तर प्रथम हँडब्रेक सुटला आहे ना पाहा. यात हसण्यासारखे काही नाही. माझ्याकडून दोनदा झाले आहे. हँडब्रेक सुटलेला असेल तर ब्रेक ऑईलची पातळी पाहा. ती हळूहळू उतरली असेल तर पॅड झिजलेले असण्याचा संभव मोठा, आणि नुसते ऑईल भरून दिवा घालवणे म्हणजे ताप न पाहता थर्मामीटर झटकणे. एकदम उतरली असेल तर गळती आहे. गाडी हलवू नका.

आता पिवळा, इंजिनाच्या आकृतीचा. याच्याविषयी गॅरेजमध्ये सर्वांत जास्त पैसा विनाकारण खर्च होत असेल असे माझे मत आहे. तो स्थिर लागलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल तर घरी जाता येते; दोन-चार दिवसांत दाखवावी. तो उघडझाप करीत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सिलिंडरमधले इंधन पेटल्यावाचून धुराड्यात जात आहे आणि तिथे जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजत आहे, असा त्याचा अर्थ. वेग कमी करून थांबावे. तो भाग महाग असतो.

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक खोबण असते. अमेरिकेत १९९६ पासून ते प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचे झाले. आपल्याकडे ते नंतर आले. तिथे यंत्र लावले की गाडी एक सांकेतिक क्रमांक सांगते. तो क्रमांक जरूर लिहून घ्या, पण त्याचा अर्थ ‘हा भाग बदला’ असा नसतो. ऑक्सिजन सेन्सरचा क्रमांक आला म्हणजे त्या सेन्सरला काहीतरी विपरीत दिसले एवढेच. दोष धुराड्याच्या गळक्या जोडाचाही असू शकतो. आमच्या मिस्त्रींनी एका गाडीत दोन सेन्सर बदललेले असताना मूळ दोष शोधून काढला. उंदराने वायर कुरतडली होती. बॉनेटखालची ऊब उंदरांना फार मानवते, विशेषतः पावसाळ्यात. तेव्हा सेन्सर बदलण्यापूर्वी वायर पाहिली का, असे विचारायला संकोच करू नका.

शेवटी, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. किल्ली फिरवून, इंजिन सुरू करण्याआधी, पाटीवरचे इशाऱ्याचे दिवे काही सेकंद लागले पाहिजेत. आपण शाबूत आहोत हे ते दाखवतात. मग एकेक विझतात. एखादा विझलाच नाही, तर दोष आहे. एखादा लागलाच नाही, तर त्याहून मोठा दोष आहे. कोणीतरी त्याची वायर काढून ठेवली असेल. गेल्या वर्षी मी मेहुण्यासाठी एक गाडी पाहायला गेलो. रंग झकास, टायर नवे, मालक बोलण्यात गोड. मी किल्ली अर्धी फिरवून दिवे मोजले. एअरबॅगचा दिवा नव्हता. मालक म्हणाले, “या मॉडेलला येतच नाही, सर.” मी स्टिअरिंगवर बोट ठेवले. तिथे एअरबॅग असल्याची अक्षरे कोरलेली होती.