प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



काल रात्री पंगतीत एकीनं मला विचारलं, "तू पुण्यात नक्की करतेस काय गं? कॉम्प्युटर दुरुस्त करतेस का?" आमच्या घरीही गेली वीस वर्षं हाच समज आहे. टीव्हीचा रिमोट चालेना झाला तरी आईचा फोन मलाच येतो. संयोजकांनी दहा मिनिटं दिली आहेत, त्यात हेच सांगून टाकते.

आपल्या प्रयोगशाळेतलं कपाट आठवा. किल्ली विज्ञानाच्या सरांच्या खिशात. सूक्ष्मदर्शक हवा असेल तर वहीत नाव, तारीख, सही. परत करताना सर भिंग खिडकीच्या उजेडात धरून बघायचे आणि आपला जीव खालीवर व्हायचा. पण सरांची एक पद्धत होती. भिंगावर आधीपासून ओरखडा असेल तर देण्याआधीच ते वहीत लिहून ठेवायचे. घेणाऱ्यावर उगाच आळ येत नसे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

माझं काम म्हणजे ते कपाट आणि ती वही. कंपनीचे लॅपटॉप आणि मोबाईल कुणाकडे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, त्यातली माहिती सुरक्षित आहे का, हे बघायचं. फरक इतकाच की माझ्या कपाटाला भिंती राहिल्या नाहीत. पूर्वी यंत्रं ऑफिसात, टेबलावर असत. माणसं सकाळी यायची, संध्याकाळी जायची, यंत्रं तिथंच. दारावर वॉचमन बसला की निम्मी सुरक्षा झाली.

मार्च २०२० मध्ये हे सगळं आठवडाभरात मोडलं. २४ तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, त्याच्या आधीच्या दिवसांत आम्ही डेस्कटॉप गाद्यांत गुंडाळून टेम्पोनं लोकांच्या घरी पोचवत होतो. कोण कुठं गेलं याचा पत्ता नाही. आमच्यातला एक मुलगा उदगीरकडच्या त्याच्या गावी गेला होता. रेंज फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी. भर एप्रिलात तो डोक्याला टॉवेल गुंडाळून मीटिंगला बसायचा.

अशा वेळी यंत्राला ऑफिसात न आणता सांभाळावं लागतं. देण्याआधीच त्याची नोंद कंपनीच्या नावे केलेली असते. कुठूनही इंटरनेट मिळालं की ते आमच्या सर्व्हरला विचारतं, काही आज्ञा आहे का? मग आम्ही सांगतो: डिस्क कुलूपबंद कर, म्हणजे चोरानं ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी काही वाचता येणार नाही. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडदा बंद कर. हे अपडेट घे. हरवलं असेल तर सगळं पुसून टाक. सुरुवातीला आमच्याकडं ही अपडेटं ऑफिसच्या एकाच लाईनमधून जायची. हजार घरं आणि सगळ्या आळीला एकच नळ! शेवटी ती थेट विंडोज बनवणाऱ्यांकडून ज्याच्या त्याच्या घरी उतरतील अशी सोय केली, तेव्हा लाईन मोकळी झाली.

(जाता जाता, काल ज्यानं मुलासाठी घेतलेल्या जुन्या लॅपटॉपची तक्रार केली त्याच्यासाठी. सगळं पुसूनही सुरू करताना परक्या कंपनीचं नाव आणि पासवर्ड मागतो ना? त्या यंत्राचा नंबर अजून त्या कंपनीच्या वहीत आहे. दुकानदाराला परत कर आणि पैसे माग.)

आता जे सांगणार आहे ते मी ऑफिसबाहेर फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

२०१७ ची गोष्ट. आम्ही लोकांना स्वतःच्या मोबाईलवर कंपनीची मेल बघायची परवानगी दिली होती. त्यासाठी एका अटीवर 'मान्य' दाबावं लागे. ती अट कुणी वाचत नसे. एका मुलानं नोकरी सोडली. संध्याकाळी यादी उरकताना त्याचं नाव आलं. माझ्या पडद्यावर दोन बटणं होती. एक फक्त कंपनीची मेल काढून घेणारं, दुसरं अख्खा फोन पुसणारं. मी दुसरं दाबलं.

दोन तासांनी त्याचा फोन आला, बायकोच्या मोबाईलवरून. त्याचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले होते. दवाखान्यातले फोटो आणि वडिलांनी नातवाला पाठवलेली आवाजाची रेकॉर्डिंग, सगळं त्या फोनमध्ये. दुसरीकडं कुठंही ठेवलेलं नव्हतं. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, बाबांचा आवाज होता त्यात." मी माफी मागितली. परत काही आणू शकले नाही. कंपनीत चौकशी झाली, त्यानं अट मान्य केली होती म्हणून नियमात सगळं बसलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. ते जास्त लागलं.

त्यानंतर मी हट्टानं दोन गोष्टी करून घेतल्या. कुणाच्याही खाजगी फोनसाठी ते दुसरं बटण आमच्या पडद्यावरून काढलं. आणि अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून असलेली, पण आम्ही आळसानं न वापरलेली सोय सुरू केली. त्यात फोनचे दोन कप्पे होतात, एक घरचा आणि एक कामाचा. कामाच्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. कंपनी फक्त त्या कप्प्यावर हुकूम चालवू शकते. तुमचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा, कुणाला फोन केला, हे तिला त्यातून दिसत नाही. तुमच्या मुलांच्या कंपनीनं स्वतःच्या फोनवर काही टाकायला सांगितलं, तर त्यांना आधी विचारायला सांगा: नोकरी सोडल्यावर माझं काय काय पुसणार?

मला वाटायचं, हे सगळं आमच्या आयटीतल्या लोकांचं दुखणं. पण आपल्या वर्गातल्या दोघी अंगणवाडी कार्यकर्ती आहेत. त्यातली एक समोर बसली आहे, तिला विचारूनच सांगते.

२०१९ मध्ये राज्यातल्या अंगणवाड्यांना सरकारनं मोबाईल दिले. मुलांची वजनं, उंची, आहार, सगळ्या नोंदी त्यावर. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे नवं अ‍ॅप आलं. फोनची रॅम दोन जीबी. अ‍ॅप पेलेना, फोन तापायचा, अडकायचा. अ‍ॅप इंग्रजीत. वॉरंटी संपलेली, आणि दुरुस्तीचा खर्च कार्यकर्तीच्याच माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर कार्यकर्तींनी मोबाईल वापसी केली. आपली मैत्रीणही गेली होती. ती म्हणाली, "अगं, फोन पदरात धरून लेकरांची वजनं टिपत होते, एवढा पोळायचा. आणि बिघडला तर मीच दोषी." देऊन आली, पण पावती घेऊन आली. पावती अजून जपून ठेवली आहे.

तेव्हा ती बातमी मी पुण्यात, कंपनीच्या महागड्या लॅपटॉपवर वाचली होती. मला वाटलं होतं, बायकांना नवं तंत्रज्ञान जमत नसेल. हो, हे मीच म्हणाले, मराठवाड्यातल्या शाळेत शिकलेली बाई. मीच पाठवलेला लॅपटॉप तापून बंद पडला असता तर मी त्या माणसाला बिल पाठवलं असतं का? आमच्याकडं शंभर यंत्रांमागं काही जादा ठेवलेली असतात, बिघडलं की दुसऱ्या दिवशी बदलून. नवं सॉफ्टवेअर सगळ्यांना पाठवण्याआधी सगळ्यात जुन्या, सगळ्यात मंद यंत्रावर चालवून बघतो. ते रांगलं तर पाठवत नाही. लाखाच्या घरातले फोन खेडोपाडी वाटताना ही चौकशी आधीच व्हायला हवी होती. घेणारीच्या हातात ओरखडा असलेलं भिंग ठेवलं आणि वहीत काही लिहिलंच नाही. फेब्रुवारी २०२३ च्या राज्यव्यापी संपातही नवे मोबाईल ही एक मागणी होतीच.

काल रात्री मी तिच्याशी तासभर बोलले. दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं. माझ्या पडद्यावर एक रकाना असतो, 'शेवटचा संपर्क'. चाळीस दिवस गप्प असलेलं यंत्र दिसलं की मी चोरी समजून चौकशी लावायचे. ती म्हणाली, "आमच्याकडं रेंज नसली की आम्ही आधी वहीत लिहितो, मग रात्री घरी बसून भरतो." आता अशा यंत्राला कुलूप लावण्याआधी मी माणसाला फोन करणार आहे. ते तिच्याकडून घेतलं.

हप्त्यावर फोन घेतलेल्यांनी विचारलं होतं, हप्ता थकला की फोन आपोआप बंद कसा पडतो? तीच विद्या आहे, आमचीच. फक्त किल्ली फायनान्सवाल्याच्या खिशात.

वेळ संपली, घंटा वाजवायला सर उठलेच आहेत. फोनमधले फोटो दुसरीकडं कसे जपून ठेवायचे हे ज्यांना शिकायचं आहे त्यांनी जेवणानंतर प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात या. चार्जर ज्याचा त्यानं आणायचा.