मध्येच उपचार कोण सोडतं?



मानसोपचारासाठी आलेला माणूस दोन-तीन भेटींनंतर यायचाच थांबतो, हा अनुभव जुना आहे. कोण थांबणार, हे आधीच ओळखता येईल का? त्यासाठी व्यक्तिमत्त्व चाचण्या वापरून पाहिल्या गेल्या. त्यांतली सर्वांत नावाजलेली चाचणी अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठातली, १९४३ सालची. तिच्या १९८९च्या आवृत्तीत ५६७ विधानं आहेत; प्रत्येकाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचं.

अशा चाचणीतून स्वभावाचा अंदाज येतो, पण भाकिताचं गणित अवघड आहे. स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग या संशोधकांनी २०१२ साली ६६९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा साधारण पाचांतला एक रुग्ण मध्येच उपचार सोडतो असं दिसलं. म्हणजे १०० जणांत २० सोडणारे, ८० टिकणारे. समजा, एखादी चाचणी दोन्ही गटांना ७० टक्के अचूक ओळखते. ती सोडणाऱ्यांपैकी १४ जण हेरेल; पण टिकणाऱ्यांपैकी २४ जणांवरही ‘हा सोडणार’ असा शिक्का मारेल. आणि ज्याच्याबद्दल असं मत आधीच झालं, त्याच्यासाठी उपचार करणाराही जीव ओतून काम करेल का?

स्विफ्ट-ग्रीनबर्ग यांच्या त्याच तपासणीत तरुण वय आणि व्यक्तिमत्त्वाचे विकार यांच्यासोबत गळती जास्त आढळली. तशीच ती उपचार करणारा शिकाऊ असतानाही आढळली. दोष एकट्या रुग्णाच्या स्वभावाचा नाही.

आपल्या भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात तर आधी विचारावं, ‘शिफ्ट कोणती?’ या आठवड्यात फर्स्ट, पुढच्या आठवड्यात नाईट, अशा माणसाला दर मंगळवारी सकाळी अकराची वेळ दिली, तर तो येणार कसा? कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. इथल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. भेटीही गुरुवारी ठेवता येतील. प्रवासखर्च, घरच्यांचा विरोध, ‘किती भेटी लागतील?’ ही शंका, यांवर पहिल्याच दिवशी बोलायला हवं. चाचणी घ्यायचीच, तर निकाल रुग्णासमोर ठेवून त्याच्याशी बोलण्यासाठी घ्यावी.

आणि उपचार घेणाऱ्यांनो, थांबावंसं वाटलं, तर न सांगता थांबू नका. ‘फरक पडत नाही’ किंवा ‘वेळ जमत नाही’ असं स्पष्ट सांगा. त्यावरून उपचाराची दिशा आणि वेळ दोन्ही बदलता येतात. अडीनडीला केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास. नाईट संपवून घरी आल्यावरही तो लावता येतो.