बदली : शिक्षा नव्हे, नवी दीक्षा

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



शिवजन्माने पावन झालेल्या या परिसरात शिक्षकांना उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. पत्रकारितेत गावोगाव हिंडताना जे जाणवले, तेवढेच आपल्यासमोर ठेवतो.

'बदली' हा शब्द उच्चारताच शिक्षकाच्या घरावर चिंतेचे सावट पसरते. मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडील, घराचे हप्ते, पती-पत्नीच्या दोन तालुक्यांतील नोकऱ्या. ही चिंता खोटी नाही. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचे नवे धोरण आणले आणि सारी प्रक्रिया संगणकावर गेली. शाळांची 'सर्वसाधारण' आणि 'अवघड' अशी विभागणी झाली. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की बदलीचा अधिकार आणि सर्वसाधारण क्षेत्रात दहा वर्षे झाली की बदलीस पात्र, असा नियम ठरला. नियम न्याय्य आहे. पण त्यातून 'अवघड' म्हणजे सुटका करून घेण्याची जागा, असा भाव मनात रुजतो. ती शाळा नेमकी कोणाला अवघड? तीन वर्षांनी निघणाऱ्या गुरुजींना, की तिथेच वाढणाऱ्या मुलाला?

आपले तालुके पाहा. पूर्वेला नारायणगाव, मंचरची बागायती, द्राक्षे, टोमॅटो, ऊस. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि पावसाळ्यात धुक्यात हरवणाऱ्या वाड्या. तिथले वनवासी बांधव मजुरीसाठी नारायणगावच्या बाजारात उतरतात. त्यांच्या घामावर पूर्वेची बागायती फुलते. त्यांच्या मुलांच्या वाट्याला मात्र अनुभवी शिक्षक किती काळ येतो?

दहा वर्षे एकाच शाळेत शिकवणाऱ्याचे टाचण तयार असते, उदाहरणे ठरलेली असतात, विनोदही तेच! नकळत शिकवण्याची जागा उरकणे घेते. असा शिक्षक डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत गेला की जुने टाचण निरुपयोगी ठरते. दोन-तीन इयत्ता एकत्र बसलेल्या, मुलांच्या घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून निराळी. मग तो हिरड्याच्या वजनावर गणित मांडतो, मुलांकडून शब्द शिकतो. पन्नाशीत विद्यार्थी होण्याचे भाग्य असे लाभते. 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' असे म्हणणाऱ्याने एकदा तरी तो पळस जवळून पाहावा.

शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरचे उदाहरण ताजे आहे. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची शाळा नावारूपाला आणणारे दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले, तेव्हा पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका होता. ग्रामस्थांना सोबत घेऊन त्यांनी पुन्हा मुळापासून उभारणी केली आणि 2025 मध्ये ही जिल्हा परिषद शाळा जागतिक पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोहोचली. कीर्ती जुन्या इमारतीत राहिली. कर्तृत्व मात्र गुरुजींसोबत गेले.

तरीही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ज्या गावाचे नाव आंबेगाव तालुक्याला आहे, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. 30 जुलै 2014 रोजी माळीणवर डोंगर कोसळला. उखडले जाण्याचे दुःख या भूमीला ठाऊक आहे. अशा ठिकाणी ओळखीचे गुरुजी अचानक दिसेनासे झाले, तर मुलाचा आधार तुटतो. म्हणून जाणाऱ्याने केवळ दप्तर सोपवू नये; कोणते मूल कुठे अडते, कोणाच्या घरी काय अडचण आहे, हेही नव्या शिक्षकाला सांगावे. आणि गावाने येणाऱ्याला बाहेरचा न मानता राहण्याची सोय करावी. शिक्षक गावात राहिला तरच गावाचा होतो.

संघटनेच्या कामात प्रचारकाचे क्षेत्र बदलते, तेव्हा तो ठिकाण विचारतो, कारण विचारत नाही. शिक्षक गृहस्थाश्रमी आहे. त्याच्याकडून तेवढ्या विरक्तीची अपेक्षा अन्यायाची ठरेल. अपेक्षा एवढीच, की सेवाकाळात एकदा तरी, घरची घडी बसलेली असताना, त्याने स्वतःहून डोंगराकडची शाळा मागावी. आदेशाने मिळालेली शाळा ही नेमणूक असते. मागून घेतलेली शाळा हे व्रत ठरते. पुढच्या वेळी पसंतीक्रम भरताना पहिल्या रकान्यात पश्चिमेकडचे एक नाव लिहावे, एवढीच विनंती करून थांबतो.