डाव्या हाताला न कळणारे दान

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे नावाचे एक लहानसे गाव आहे. हा जिल्हा १९८१ सालापर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे. ह्या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे, म्हणजेच पुढे सर्वांना ठाऊक झालेले आचार्य विनोबा, यांचा जन्म झाला. आपल्या बालपणाची एक आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. गागोद्याच्या घरात एक अंध वृद्ध गृहस्थ राहत असत. घरातले लहानथोर त्यांच्याशी प्रेमाने व आदराने वागत आणि मुले त्यांना आपल्या नात्यातलेच वडीलधारे समजत. पुढे कुटुंब बडोद्यास राहावयास गेले. काही काळाने गागोद्याहून त्या वृद्धाच्या निधनाची वार्ता आली. नात्यातले माणूस गेले म्हणजे घरात स्नान व्हावयाचे, सुतक धरले जावयाचे. तसे काहीच होत नाही असे पाहून मुलाने आईला कारण विचारले. तेव्हा आईने सांगितले, की ते आपल्या नात्यातले नव्हतेच. त्यांना दुसरा आधार नव्हता, म्हणून ते आपल्याकडे राहत होते.

ह्या आठवणीत विचार करण्याजोगी गोष्ट आश्रय दिला ही नव्हे. निराधाराला ओसरी देणारी घरे कोकणात कमी नव्हती. विचार करण्याजोगी गोष्ट ही, की घरातल्या मुलालाही त्या आश्रयाचा पत्ता लागला नाही. ताटात वाढताना, हाक मारताना किंवा पंक्तीला बसविताना कोठेही असा भेद दिसला नाही, की ज्यावरून एकाने द्यावे व दुसऱ्याने घ्यावे असे काही येथे चालले आहे, हे मुलाच्या ध्यानात यावे.

येशू ख्रिस्ताने डोंगरावर जो उपदेश केला, त्यात दानधर्माविषयी नेमके हेच मागणे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी तो आपल्या शिष्यांना बजावतो, की उजवा हात काय देतो हे डाव्या हातालाही कळू नये. दान लोकांपासून लपविणे एक वेळ सोपे आहे. ते स्वतःपासून लपविणे कठीण. ‘मी दिले’ ही जाणीव मनात राहिली, की घेणाऱ्याच्या मानेवर तिचे ओझे आपोआप येऊन बसते.

हा अध्याय सलग वाचला असता आणखी एक गोष्ट लक्षात येते. गुप्त दानाच्या मागोमाग ख्रिस्त प्रार्थना शिकवितो, आणि त्या प्रार्थनेत रोजची भाकर मागावयाची ती ‘माझी’ म्हणून नव्हे, तर ‘आमची’ म्हणून. अध्यायाच्या शेवटी आकाशातील पाखरे आणि रानातील फुले दाखवून तो उद्याची चिंता सोडावयास सांगतो. सेवा, समाज आणि ईश्वरावरील भरवसा ह्या तीन गोष्टी अशा रीतीने एकाच अध्यायात आल्या आहेत, आणि त्या एकमेकींवर अवलंबूनही आहेत. ज्याला उद्याची धास्ती आहे, त्याची मूठ उघडत नाही. उघडलीच तर परतफेडीच्या आशेने उघडते. ज्याने भाकर ‘आमची’ म्हणून मागितली, त्याला ती मिळाल्यावर ‘माझी’ म्हणता येत नाही. म्हणून ख्रिस्ती मनुष्याची श्रद्धा त्याच्या मुखातील शब्दांपेक्षा त्याच्या उघड्या हातावरून अधिक ओळखता येते.

ही शिकवण आचरणे किती अवघड आहे, हे पहिल्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासावरूनच दिसते. यरुशलेमातील विश्वास ठेवणारे लोक आपली मालमत्ता समाईक समजत, जमिनी विकून आलेले द्रव्य एकत्र करीत आणि ज्याला जशी गरज तसे वाटून घेत, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात सांगितले आहे. परंतु त्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तक्रार येते, की रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होत आहे. ती तक्रार कोणी दडपून टाकली नाही. वाटणीचे काम नीट व्हावे म्हणून सात विश्वासू माणसे निवडण्यात आली. पुढे प्रेषित पौलाने यरुशलेमातील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली, तेव्हाही पैशाविषयी कोणास संशय येऊ नये म्हणून त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्या कामी बरोबर घेतली. तात्पर्य, गुप्त ठेवावयाचे ते देणाऱ्याचे नाव, हिशेब नव्हे. ह्या दोहोंत गल्लत झाली, म्हणजे गुप्तपणाच्या आड लबाडी शिरते, नाहीतर हिशेबाच्या निमित्ताने देणाऱ्याचा बडेजाव सुरू होतो.

महाराष्ट्रात ह्या शिकवणीची कसोटी ज्यांच्या आयुष्यात सर्वांत कठोरपणे लागली, त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ सालचा. आईबाप आणि थोरली बहीण ह्यांना त्यांनी दुष्काळाच्या दिवसांत गमावले. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे त्या विलायतेस गेल्या. तेथे लंडनजवळच्या फुलहॅम येथे पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी प्रेमाने जवळ करतात, हे त्यांच्या दृष्टीस पडले. त्या दृश्याने आपल्या मनावर मोठा परिणाम केला, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले आणि पुढल्याच वर्षी ते पुण्यास नेले. विधवांच्या शिक्षणाची ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावी, अशी तिला पाठिंबा देणाऱ्या हिंदू सुधारकांची अपेक्षा होती. १८९३ साली त्या अपेक्षेला तडा गेला. मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत आहे, असे म्हणून रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक संस्थेपासून दूर झाले. रमाबाईंचे म्हणणे असे, की त्या कोणावर सक्ती करीत नव्हत्या. मात्र आपल्या प्रार्थनेचे दार बंद करून घेण्यासही त्या तयार नव्हत्या. ह्या वादात दोन्ही पक्षी प्रामाणिक माणसे होती, आणि त्यातून निघालेला प्रश्न आजही बोचक आहे. ज्याला अन्नवस्त्र दिले, त्याने आपल्या देवाकडे वळावे ही इच्छा मनात धरली, तर डाव्या हाताला काहीच कळले नाही असे म्हणता येईल काय? सेवा करणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती मनुष्याने हा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा. धर्माचा प्रसार करणाऱ्या इतर कोणासही तो चुकत नाही.

त्याचे उत्तर वादविवादाने मिळत नाही. पुढल्या संकटात माणूस काय करतो, त्यावरून ते थोडेफार कळते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि तेथील शेकडो अनाथ मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेतली होती. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० सालच्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही मुली आल्या. एवढ्या तोंडांना पुरेल असे निश्चित उत्पन्न रमाबाईंपाशी नव्हते. प्रार्थना करावी आणि हाताला काम द्यावे, हाच तेथील क्रम होता. विहिरी खणल्या गेल्या. शेती, गाई-म्हशी, विणकाम आणि छापखाना ही कामे स्त्रियांनीच उचलली. केडगावचा भरवसा हा हातावर हात ठेवून बसणाऱ्याचा भरवसा नव्हता. पाऊस येईलच अशा श्रद्धेने उन्हाळ्यात नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचा तो भरवसा होता.

फुलहॅम येथे जे पाहिले, ते रमाबाई विसरल्या नाहीत. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी केडगावास त्यांनी कृपासदन चालविले. अंध मुलींसाठी बार्तिमी सदन होते. त्या मुलींना हाताच्या बोटांनी वाचता यावे म्हणून रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई हिने परिश्रम घेतले. जिच्या हाती हे सर्व कार्य सोपवावयाचे, ती मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. ह्या घावानंतर ‘देवावर भरवसा ठेवा’ हे शब्द कोणाच्याही तोंडून पोकळ वाटले असते. रमाबाईंनी ते शब्द उच्चारण्यात वेळ घालविला नाही. मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी हाती घेतले होते. सामान्य, अल्पशिक्षित स्त्रीला ते समजावे, हा त्यांचा हेतू. ते काम त्यांनी शेवटास नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्तिमिशन आजही केडगावास उभे आहे.

केडगावास एका स्त्रीच्या श्रद्धेने समाज उभा केला. परंतु एक थोर व्यक्ती मध्यभागी असली, म्हणजे देणाऱ्याचे नाव पुसले जाणे अवघड होते. ती व्यक्ती कितीही नम्र असली तरी लोक तिचेच नाव घेतात. नाव पुसण्याची युक्तीच कार्याच्या रचनेत असावी, असा प्रयत्न एका वेगळ्या धर्मपरंपरेत झाला, आणि त्याचे मूळ पुन्हा रायगड जिल्ह्यातच सापडते. पेणच्या दक्षिणेस कुंडलिका नदीच्या काठी रोहे आहे. तेथे १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. त्यांच्या स्वाध्याय परिवाराचा आधार भगवद्गीता हा आहे. प्रत्येकाच्या हृदयात ईश्वर वसतो, म्हणून दुसरा मनुष्य परका नाही, ही त्यांची मूळ धारणा.

ह्या धारणेतून ‘योगेश्वर कृषी’ आणि ‘मत्स्यगंधा’ हे प्रयोग निघाले. गावातील एक शेत देवाचे मानावयाचे, आणि गावकऱ्यांनी पाळीपाळीने काही दिवस तेथे श्रम करावयाचे. कोळ्यांच्या वस्तीत एक नाव देवाची मानावयाची, आणि पाळीपाळीने तिच्यावर जाऊन मासेमारी करावयाची. जे पिकेल, जे जाळ्यात येईल, त्यावर कोणाही एकाची मालकी नाही. त्यातून अडलेल्या कुटुंबाला जे मिळते, ते उपकार म्हणून नव्हे, तर प्रसाद म्हणून, आणि गाजावाजा न करता. त्या नावेवर आज जो जाळे ओढतो, तोच उद्या अडला तर घेणारा होतो. देणारा कोण व घेणारा कोण, हे तेथे सांगताच येत नाही. डाव्या हाताला न कळू देण्याची ही रीत कोळ्यांनी आणि शेतकऱ्यांनी आपल्या रोजच्या धंद्यातच बसविली.

१९९७ साली पांडुरंगशास्त्री यांना टेम्पल्टन पारितोषिक देण्यात आले. हे पारितोषिक जॉन टेम्पल्टन या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती गृहस्थाने स्थापन केले असून, १९७३ सालचे पहिले पारितोषिक मदर तेरेसा यांना मिळाले होते. ह्यावरून दोन्ही धर्म एकच आहेत असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. ख्रिस्ती मनुष्य ख्रिस्ताच्या क्रुसाकडे पाहून देतो, स्वाध्यायी हृदयस्थ ईश्वराकडे पाहून देतो. ह्या दोन दृष्टी वेगळ्या आहेत आणि तो वेगळेपणा लपविण्यात दोघांचाही मान नाही. पण शेजारच्या शेतात पीक जोमाने आले, तर त्याची मशागत पाहून यावी, एवढे शहाणपण प्रत्येक शेतकऱ्याला असते. विनोबांनी ते दाखविले. ख्रिस्ताच्या शिकवणुकीचे सार निवडून त्यांनी ‘ख्रिस्त-धर्म-सार’ सिद्ध केले, आणि तरीही ते गीतेचे उपासक राहिले.

त्याच विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन हरिजनांनी ऐंशी एकर जमीन मागितली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे शंभर एकर देऊ केली. भूदानाच्या पदयात्रेत पुढे चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान बोलले गेले. परंतु त्यातील पुष्कळशी जमीन नापीक किंवा तंट्यातली निघाली, आणि पुष्कळशी वाटलीच गेली नाही. यरुशलेमातल्या मंडळीने विधवांची तक्रार ऐकून सात माणसे नेमली होती. येथे मात्र देण्याच्या क्षणी जो हात उघडला, त्याच्यामागून वाटणी पुरी करणारी माणसे सर्वत्र पोचली नाहीत. औदार्याचा क्षण पवित्र असतो, पण गरिबाचे पोट त्या क्षणावर भरत नाही. त्यामागून वर्षानुवर्षे चालणारी, कंटाळवाणी, कोणाच्या नजरेत न भरणारी सेवा लागते.

अशी सेवा करण्यासाठी मुक्तिसदन किंवा भूदान यज्ञ उभारण्याचे सामर्थ्य प्रत्येकापाशी असावे लागत नाही. गागोद्याच्या त्या घरात कोणती संस्था नव्हती, वर्गणी नव्हती, अहवालही नव्हता. एक ताट अधिक वाढले जात होते, एवढेच. आणि ते एका दिवसापुरते नव्हे, तर त्या अंध वृद्धाच्या आयुष्यभर. पेणचे कारागीर मातीला गणपतीचे रूप देतात, आणि विसर्जनानंतर घडविणाऱ्याची कोणतीही खूण पाण्यावर उरत नाही. त्या वृद्धाला आश्रय देणाऱ्या घराच्या औदार्याचीही खूण अशीच नाहीशी व्हावयाची होती. एका मुलाने आईला प्रश्न विचारला म्हणून ती राहिली. ख्रिस्ताने सांगितलेले दान ते हेच: ज्याला आसरा दिला तो आपलाच आहे, असे घरातल्या मुलाला शेवटपर्यंत वाटावे.