गोल मोजायचे कसे?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



समितीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय फुटबॉल. कोल्हापुरात या विषयावर पंधरा मिनिटांत थांबणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणून मी विषय लहान करून घेतो. वेगवेगळ्या काळात गोलांचे विक्रम करणाऱ्या खेळाडूंची तुलना कशी करायची, एवढंच बोलतो.

हा विषय निवडायला कारण आहे. आज सकाळी चहाच्या टेबलावर दोन वाद ऐकले. पहिला आपला नेहमीचा, पेले मोठा की मेस्सी. दुसरा आपल्या फलकाचा. मेळाव्याच्या निधीतून शाळेत गुणवंतांचा मोठा फलक लावायचा आहे आणि सगळ्या बॅचेसची नावं टक्केवारीच्या उतरत्या क्रमानं एकाच यादीत घालावीत, अशी सूचना आली आहे. मला हे दोन्ही वाद एकच वाटले. फुटबॉलचा सुटला तर फलकाचाही सुटेल.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १९२७-२८ च्या मोसमात एव्हर्टनच्या डिक्सी डीननं पहिल्या विभागाच्या लीगमध्ये ३९ सामन्यांत ६० गोल केले. वय २१. शेवटच्या सामन्याला उतरताना त्याला विक्रमासाठी तीन गोल हवे होते आणि आर्सेनलविरुद्ध त्यानं तीनच केले. आजच्या काळात एर्लिंग हालांडनं २०२२-२३ मध्ये प्रीमियर लीगचा विक्रम केला तो ३६ गोलांचा. आता सांगा, डीन हालांडच्या जवळजवळ दुप्पट मोठा का?

थांबा. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. त्याआधी पुढं गेलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू लागायचे, त्यानंतर दोन पुरेसे झाले. परिणाम काय झाला? पहिल्या विभागात १९२४-२५ मध्ये एकूण ११९२ गोल झाले होते, पुढच्याच मोसमात १७०३. खेळाडू तेच, मैदानं तीच, चेंडूही तोच. बचाव करणाऱ्यांना नव्या नियमाची सवय व्हायची होती आणि त्या काळात डीन खेळत होता. पण लक्षात घ्या, नवा नियम सगळ्यांनाच होता. लीगमध्ये ६० गोल मात्र एकट्या डीनचेच झाले.

म्हणजे नुसता आकडा पुरत नाही आणि "तेव्हा सोपं होतं" म्हणून तो उडवूनही लावता येत नाही.

आता विश्वचषकाकडे येऊ. १९५८, स्वीडन. फ्रान्सचा जुस्त फोंतेन. तो मुळात संघातली पहिली पसंती नव्हता. रने ब्लियार जखमी झाला म्हणून याला जागा मिळाली, आणि स्वतःचे बूट निकामी झाल्यामुळं सहकाऱ्याचे उसने बूट घालून तो खेळला. सहा सामने, १३ गोल, एकही सामना कोरडा नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध चार. पुढं पायाच्या हाडानं दगा दिला आणि २८ व्या वर्षी त्याचा खेळ संपला. दुसरा विश्वचषक त्याला मिळालाच नाही.

त्याच्या पुढं कोण गेलं ते पाहा. गेर्ड म्युलर, १९७० आणि १९७४ मिळून १३ सामन्यांत १४ गोल. ब्राझीलचा रोनाल्डो, १९ सामन्यांत १५. मग जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोजे, २४ सामन्यांत १६. क्लोजेचा सोळावा गोल २०१४ मध्ये बेलो होरिझोंतेला झाला, ब्राझीलला ७-१ हरवलेल्या त्या सामन्यात. आपल्या पेठेत ज्या ज्या घरावर पिवळा-हिरवा झेंडा होता तिथं त्या रात्री काय वातावरण होतं, हे मी सांगायला नको.

आता ही चार नावं एकूण गोलांच्या क्रमानं लावा: क्लोजे, रोनाल्डो, म्युलर, फोंतेन. आणि दर सामन्यामागं गोल किती, या क्रमानं लावा: फोंतेन दोनाहून जास्त, म्युलर एकाहून थोडा जास्त, रोनाल्डो पाऊणच्या आसपास, क्लोजे तीन सामन्यांत दोन. यादी बरोब्बर उलटी होते! चौघांचे आकडे खरे आहेत, प्रश्न बदलला की क्रम बदलतो. फोंतेनच्या यादीत आपण धडाका मोजतो. क्लोजेच्या यादीत टिकून राहणं मोजतो. चार विश्वचषकांत गोल करायचे आणि ३६ व्या वर्षीही उपांत्य सामन्यात योग्य जागी उभं राहायचं, हे काय कमी आहे? आणि फोंतेनला आजचे डॉक्टर मिळाले असते तर, हा प्रश्न माणसाला पडतोच. पण "असते तर"चे गोल फलकावर लिहिता येत नाहीत.

"आमच्या वेळी होतं ते खरं" म्हणणाऱ्या माझ्या मित्रांसाठी एक उलटं उदाहरण. हालांडच्या आधी प्रीमियर लीगचा विक्रम ३४ गोलांचा होता, अँडी कोल आणि अॅलन शिअरर या दोघांचा. तेव्हा लीगमध्ये २२ संघ होते आणि मोसम ४२ सामन्यांचा. शिअरर ते सगळे ४२ खेळला. हालांडनं ३५ सामन्यांत ३६ केले. म्हणजे दर वेळी जुन्यालाच झुकतं माप द्यायचं कारण नाही.

पेलेचा प्रश्न वेगळा. त्याच्या गोलांची एकूण संख्या १२८१ सांगतात. त्यातले मैत्रीपूर्ण आणि दौऱ्यावरचे सामने वगळले की संख्या साडेसातशेच्या आसपास येते. लोक म्हणतात, मग पाचशे गोल फुकटचे. पण सांतोस संघ त्या काळी जगभर दौरे करायचा, मोठमोठ्या क्लबांशी खेळायचा आणि त्या दौऱ्यांच्या पैशांवर क्लब चालायचा. ते गोल अधिकृत यादीत धरू नयेत, हे बरोबर. ते झालेच नाहीत असं बोलू नये, हेही बरोबर.

आणि काहींचे गोल कुणी मोजलेच नाहीत. १९२१ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांच्या फुटबॉलला बंद केली आणि ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांनी फुटबॉल खेळण्यावर सरकारी बंदी होती. आणि विश्वचषकात १७ गोल करणारी मार्ता त्याच ब्राझीलची. पाच विश्वचषकांत १७, म्हणजे क्लोजेपेक्षा एक जास्त. बंदीच्या त्या वर्षांत किती मार्ता चूल सांभाळत राहिल्या, याची नोंद कुठल्या वहीत असणार? आपल्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उभ्या राहून आमचे चुकलेले फटके मोजायच्या. त्यांना चेंडू कुणी दिला नव्हता. कोरी जागा दिसली की तिथं कुणी नव्हतंच असं समजू नये.

मग तुलना करायची कशी? मी एक साधा उपाय वापरतो. माणसाला त्याच्या काळातच उभं करायचं आणि त्याच्या मागच्या माणसापासून तो किती पुढं होता ते पाहायचं. नियम, चेंडू, चिखल, डॉक्टर, सगळं दोघांना सारखंच. १९५८ ला फोंतेनचे १३, त्याच्या मागं पेले आणि हेल्मुट रान, सहा-सहा. दुपटीहून जास्त! बुंडेसलिगात १९७१-७२ ला म्युलरचे ४०, दुसरा क्लाऊस फिशर, २२. अंतर १८ चं. २०२०-२१ ला रॉबर्ट लेव्हान्डोव्हस्कीचे ४१, दुसरा आंद्रे सिल्व्हा, २८. अंतर १३. पण लेव्हान्डोव्हस्की खेळला २९ सामने आणि म्युलर ३४. बघा, या उपायानंही निकाल एका ओळीत लागत नाही. पण निदान आपण दोन काळ एकमेकांवर आपटत नाही.

हे लेव्हान्डोव्हस्कीला चांगलं समजलं होतं. चाळीसावा गोल करून त्यानं म्युलरची बरोबरी केली तेव्हा जर्सी वर उचलली. आतल्या बनियनवर म्युलरचं चित्र होतं आणि गेर्ड कायमचा, अशा अर्थाचे शब्द. एक्केचाळीसावा गोल त्यानं मोसमातल्या शेवटच्या सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटाला केला. म्युलर तेव्हा स्मृतिभ्रंशानं आजारी होता. तीन महिन्यांतच, १५ ऑगस्ट २०२१ ला तो गेला. विक्रम मोडणाऱ्यानं मोडलेल्या विक्रमाचं नाव छातीवर वागवलं. तुलनेची ही पद्धत मला सगळ्यात आवडते.

आता फलक. आपल्यातले काही अकरावीच्या मॅट्रिकवाले, काही १९७५ नंतरचे दहावीवाले आणि मागच्या रांगेतली मुलं शाळेचे वीस गुण आणि सर्वोत्तम पाच विषयांच्या काळातली. कुणाच्या वेळी साठ टक्क्यांना घरी पेढे यायचे, कुणाच्या वेळी पंच्याण्णवला आई विचारते, "पाच कुठं गेले?" यांना एकाच उतरत्या यादीत घातलं तर आपल्या पहिल्या काही बॅचेस फलकावर दिसणारच नाहीत. आणि नव्या मुलांना जुने म्हणतील, "तुमचं काय, गुण वाटतात." दोघांवरही अन्याय.

समितीला माझी विनंती एवढीच आहे. फलक वर्षवार करा. प्रत्येक वर्षाचा पहिला किंवा पहिली, शेजारी त्या वर्षी परीक्षेला बसलेल्यांची संख्या आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर. हे सगळं शाळेच्या निकालपुस्तकांत मिळेल. खाली एक ओळ खेळांसाठी ठेवा, आणि ज्या वर्षी मुलींचा संघ नव्हता तिथं स्पष्ट लिहा, "मुलींचा संघ नव्हता." ती ओळ वाचून एखादी आठवीतली मुलगी क्रीडाशिक्षकांकडं चेंडू मागायला गेली तर फलकाचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

पेले की मेस्सी, याचं उत्तर मी दिलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे. ते जेवणाच्या पंगतीत देईन. इथं माईक चालू आहे.