पडद्यावरची खरी ओल

सिनेमातली जादू हातानं घडवावी की संगणकावर, हा वाद हल्ली सतत कानावर येतो. त्यात मला आधी दादासाहेब फाळके आठवतात. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज एकेक फ्रेम टिपत गेले. पडद्यावर ते रोप लोकांच्या डोळ्यांदेखत सरसर वाढलं. या छोट्या फिल्मच्या जोरावरच त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळालं.

हातानं घडवलेल्या जादूच्या अलीकडच्या उदाहरणासाठी आता आपल्या विदर्भाकडे येऊ. १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना मित्रानं नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. तिथूनच पुढे ‘तुंबाड’ हा चित्रपट आकाराला आला, २०१८ साली. त्यातला पाऊस बघा. त्यासाठी कितीतरी पावसाळे वाट पाहिली गेली. म्हणूनच दगडावरचं शेवाळ, निथळणारी भिंत आणि कंदिलाचा पिवळा उजेड अंगावर येतो. त्यातली ती भयंकर आजी आठवते? मोहम्मद समद या मुलानं ती साकारली, चेहऱ्यावर कृत्रिम त्वचा चढवून. नायकाच्या मुलाच्या भूमिकेतही तोच आहे!

संगणकाचं काम या चित्रपटातही आहेच आणि ते उत्तम आहे. पण माझ्या मते ते शोभतं, कारण त्याच्या आजूबाजूची ओल खरी आहे. सप्टेंबर २०२४मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला.