उपग्रह आणि पांढरी काठी

कॅलिफोर्नियांतील सान्ता बार्बरा येथें भूगोलाचे प्राध्यापक असलेले रेजिनाल्ड गॉलेज यांची दृष्टि १९८४ सालीं गेली. पुढें त्यांनीं सहकाऱ्यांसह उपग्रहांच्या साहाय्यानें अंधांस वाट सांगणारें यंत्र सिद्ध केलें. त्याचें ओझें पाठीवर वाहावें लागे. आज तेंच काम खिशांतील फोन करतो. परंतु मोकळ्या आकाशाखालींही त्याच्या स्थाननिर्देशांत सुमारें ५ मीटरांची चूक संभवते. उंच इमारतींमध्यें ती वाढते. डोळसाला ही चूक क्षुल्लक, अंधाला मात्र तीच रस्त्याची दुसरी बाजू ठरते!

म्हणून साधन निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. पडद्यावरील प्रत्येक बटन वाचून दाखविलें जातें काय? सूचना ऐकतांना रहदारीसाठीं कान मोकळे राहतात काय? परिचित वाटेवर सूचना खऱ्या ठरतात काय? शिवाय, २०१८ सालीं निघालेलें मायक्रोसॉफ्टचें ‘साउंडस्केप’ २०२३ सालीं त्या कंपनीनें बंद केलें. तेव्हां एकाच साधनावर विसंबणें बरें नव्हे. दुकान जवळ आलें, हें उपग्रह सांगेल; त्याची पायरी मात्र काठीलाच सांपडावयाची.